विस्तवाआधीचा धूर

न्यायशास्त्राच्या अगदी प्रारंभीच्या पाठात गुरुजी शिष्यास पर्वतावरील धूर दाखवितात आणि त्यावरून तेथे अग्नी असला पाहिजे असे अनुमान करावयास शिकवितात. मात्र अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे उलट दिशेने म्हणू पाहणाऱ्या शिष्यास ते तत्काळ अडवितात, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो, आणि धूर उत्पन्न होण्यास अग्नीखेरीज ओल्या इंधनाचा संयोगही लागतो, ज्यास त्या पंडितांनी आर्द्रेंधनसंयोग असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे. या पुरातन उदाहरणाची आठवण होण्याचे निमित्त शास्त्रचर्चेचे नसून स्वयंपाकाचे आहे. लाकडाच्या भुशापासून किंवा शेतातील काडीकचऱ्यापासून दाबून तयार केलेल्या कांड्यांवर, ज्यांना बाजारात सरसकट पेलेट म्हणतात, चालणाऱ्या भट्ट्या आणि ग्रिल आता आपल्या उपाहारगृहांत व क्वचित घरांच्या गच्च्यांवरही येऊ लागल्या आहेत. आणि त्यांच्यापाशी उभे राहिले की तर्कशास्त्राचा तो पहिला पाठसुद्धा तितकासा भरवशाचा उरत नाही. तेथे सर्वांत दाट, पांढराफटक धूर ज्या क्षणी निघतो त्या क्षणी ज्वाला नसते, आणि ती नसते हाच सर्वांत मोठा धोका असतो.

चेन्नईच्या दक्षिण वेशीवरील तांबरममध्ये राहणाऱ्या माणसास हा विषय सुचावा, यात थोडी गंमत आहे. १९३१ साली मद्रास बीचपासून येथपर्यंत विजेवर धावणारी मीटरगेज लोकल सुरू झाली तेव्हा हे शहराबाहेरचे, टेकड्यांच्या पायथ्याचे, मोकळ्या हवेचे ठिकाण होते. इतके की त्याच्या तीनच वर्षे आधी, १९२८ साली, डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी क्षयरोग्यांच्या फुप्फुसांस शुद्ध वायू मिळावा म्हणून येथे आरोग्यधाम उघडले आणि त्या सॅनेटोरियमचे नाव एका लोकल स्थानकास कायमचे चिकटून राहिले. ज्या गावाची कीर्ती निर्मळ हवेवर उभी होती तेथे बसून धुराचे गुणदोष लिहावे लागावेत, हा काळाचा विनोद म्हणावयाचा. २०२१ साली पल्लावरम, पम्मल, अनकापुत्तूर, सेंबाक्कम या नगरपालिका आणि भोवतालच्या पाच नगरपंचायती एकत्र करून तांबरम महानगरपालिका स्थापन झाली. निर्यात क्षेत्रातील कारखाने, महाविद्यालये, वसतिगृहे, वायुदलाचे ठाणे आणि रात्रंदिवस वाहणारा जीएसटी रोड यांची भूक भागविणाऱ्या खानावळींची येथे वाण नाही, आणि बिर्याणी लाकडाच्या चुलीवरचीच खरी, असे मानणाऱ्या गिऱ्हाइकांचीही नाही. व्यापारी वापराच्या १९ किलोच्या निळ्या सिलिंडरचा भाव चढला की अशा धंदेवाल्यांचे लक्ष पेलेटकडे वळते, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. मी या इंधनाचा विरोधक नाही, हे येथेच सांगून ठेवतो. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या काडीकचऱ्याचे अन्न शिजविणाऱ्या विस्तवात रूपांतर होत असेल तर त्याहून शहाणपणाचा व्यवहार तो कोणता? तक्रार आहे ती या विस्तवाशी वागण्याची रीत कोणी कोणास सांगत नाही याविषयी.

रीत म्हणजे काय, ते घरगुती गॅसवरून चटकन ध्यानात येईल. गॅस प्रथम घरोघर आला तेव्हा आपल्या आया-आज्यांकडून एकच नियम घोटवून घेतला गेला होता: आधी काडी ओढावयाची, मग चावी फिरवावयाची. ज्योत हजर असल्याखेरीज इंधनास दार उघडावयाचे नाही, हे त्या नियमाचे सार. आणि सांगली जिल्ह्यातून निघून तमिळनाडूच्या पेठापेठांत सोने गाळण्याचा व्यवसाय करणारे आपले गलाईवालेही, विस्तवाशी रोजचा संबंध असल्यामुळे, हे सार कोणत्याही पुस्तकावाचून जाणतात. पेलेट ग्रिलमध्ये हा क्रम मुळातच उलटा आहे. तेथे एका बाजूच्या पेटीत, म्हणजे हॉपरमध्ये, कांड्या भरलेल्या असतात. मळसूत्री दांडा विजेच्या मोटरीवर फिरत त्यांना थोड्या थोड्या करून लोखंडी वाटीत ढकलतो. त्या वाटीच्या तळाशी विजेने तापणारी एक सळई असते. आणि खालून पंखा वारा घालीत राहतो. इंधन आधी पोहोचते, सळई मागाहून लाल होते आणि ज्वाला त्यानंतर काही मिनिटांनी प्रकट होते. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात हे यंत्र सिद्ध केले तेव्हा, माणसाने चुलीपाशी बसून न राहता तापमानाचा आकडा लावून निघून जावे, हीच त्यातील मोहिनी होती, आणि आजही तीच आहे. सारे सुरळीत चालले तर इंधन पडणे आणि ज्वाला धरणे यांतील ती काही मिनिटे कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

ती सुरळीत गेली नाहीत तर काय होते, याचा तपशील मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. लाकूड जळते असे आपण म्हणतो, परंतु ज्वाळेत जळतो तो बहुतांशी लाकडातून निघालेला वायू. सुमारे २०० ते २५० अंश सेल्सियसपासून लाकूड विघटित होऊ लागते आणि वजनाचा जवळजवळ तीनचतुर्थांश भाग वायू व बाष्प यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन असतो, मिथेन असतो आणि डांबरी द्रव्यांचे सूक्ष्म थेंब असतात, ज्यांच्यामुळे तो धूर पांढरा व पिवळसर दिसतो. ज्वाला असली तर हे सारे निघता निघताच जळून जाते. ज्वाला नसली आणि वाटीत नुसती धुमसणारी रास असली, तर हेच द्रव्य झाकणाखालच्या पोकळीत साठत जाते. तेथे ते प्रथम इतके दाट असते की त्यास जळण्यापुरता प्राणवायू मिळत नाही, आणि मग पंख्याच्या वाऱ्याने म्हणा किंवा कोणी कौतुकाने झाकण उचलून पाहिल्याने म्हणा, हवेचे प्रमाण जमून येते. कार्बन मोनॉक्साइड हवेत शेकडा साडेबारापासून चौऱ्याहत्तरपर्यंत आणि हायड्रोजन शेकडा चारपासून पंच्याहत्तरपर्यंत असला तरी पेट घेऊ शकतो. म्हणजे हे प्रमाण जमून येण्यास फार मोठा योगायोग लागत नाही. त्याच क्षणी वाटीतला एखादा निखारा फुलला की झाकणाखालचा सारा साठा एकदम पेटतो, झाकण उडते किंवा उचलले जाते, आणि समोर वाकून पाहणाऱ्याचे तोंड व हात भाजतात. यंत्र बिघडले, स्फोट झाला, असे मागाहून सांगितले जाते. वस्तुतः यंत्राने जे सांगितले होते तेच केलेले असते. त्यास आग लागली आहे की नाही हे पाहावयास कोणी सांगितलेले नसते, किंवा पाहण्याचे साधनच त्यात बसविलेले नसते.

रास वाढते ती अनेक कारणांनी. सळई निकामी झालेली असते आणि दांडा बिचारा कर्तव्यबुद्धीने कांड्या ढकलीत राहतो. मागच्या वेळची राख वाटीत तशीच असते आणि सळई तिच्याखाली गोधडी पांघरल्यासारखी दडून बसते. कधी स्वयंपाकाच्या मध्येच ज्वाला विझते, तापमान उतरते, आणि नियंत्रकाची समजूत अशी होते की इंधन कमी पडले. म्हणून तो आणखी कांड्या मागवितो. या शेवटच्या प्रकारात यंत्राची अक्कल नेमकी उलट्या दिशेने चालते, आणि अनुभवी माणसासही तो सहसा उमगत नाही, कारण बाहेरून सारे शांत दिसत असते.

आता तांबरमच्या हवेकडे वळू. समुद्रापासून फार दूर नसलेल्या या भागात दमटपणा बारा महिने असतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस तर मुक्कामालाच येतो. १ डिसेंबर २०१५ च्या त्या कुप्रसिद्ध अहोरात्रीत एकट्या तांबरममध्ये ४९ सेंटिमीटर पाऊस झाला आणि मुडिचूर, वरदराजपुरम येथील घरांत पाणी शिरले, हे येथील माणसे अद्याप विसरलेली नाहीत. उत्तम पेलेटमध्ये ओलाव्याचे प्रमाण शेकडा दहाच्या आत असावे लागते. दाबून घट्ट केलेली ही कांडी दमट हवेत उघडी राहिली की पाणी शोषून फुगते, तिचा भुगा होतो, तो भुगा मळसूत्री दांड्यात अडकतो किंवा वाटीत पडून हवेची भोके बुजवितो, आणि सळईची उष्णता कांडी पेटविण्याऐवजी पाणी उकळविण्यात खर्च होते. पंडितांचा आर्द्रेंधनसंयोग तो हाच. थंड आणि कोरड्या मुलखातील अंगणासाठी बेतलेले यंत्र चेन्नईच्या नोव्हेंबरात, उघड्या गच्चीवर, अर्धवट भरलेल्या हॉपरसह आठवडाभर उभे ठेवले तर ते पेटण्यास नाखूश असणार, यात नवल नाही. आणि ते पेटत नाही असे पाहून त्याचा मालक पुन्हा पुन्हा सुरुवातीचे बटण दाबणार, यातही नाही. प्रत्येक दाबण्यासरशी वाटीत मूठभर इंधन आणखी पडते. पुढचे संकट त्याच मुठीमुठीने रचले जाते.

इंधनाच्या जातीचाही मुलाहिजा ठेवावयास हवा. परदेशी पुस्तिकांत ज्या कांड्या गृहीत धरलेल्या असतात त्या निवळ लाकडी भुशाच्या. त्यांची राख शेकडा एकाहूनही कमी भरते. आपल्याकडे शेंगांची टरफले, उसाचे चिपाड, कपाशीच्या काड्या, सुरूच्या लाकडाचा चुरा असे जे हाताशी येईल त्याच्या कांड्या होतात, आणि भाताच्या तुसात तर शेकडा पंधरा ते वीस इतकी राख असू शकते. ज्या यंत्राची वाटी दोन-चार स्वयंपाकांनंतर पुसावी असे पुस्तिका सांगते, ते येथे प्रत्येक वेळी, पूर्ण थंड झाल्यावर, राख काढून व भोके मोकळी करून मगच पेटवावयास हवे. विक्रेता हे सांगत नाही, कारण तो विकीत असलेली सोय कमी दिसेल अशी त्यास धास्ती असते.

आणि मग वीज. थंड देशांतील यंत्र अखंड विजेचा हिशेब धरून केलेले असते. आपल्याकडे वीज अधूनमधून जाते आणि आपल्या मर्जीने परत येते. ती जाते तेव्हा पंखा थांबतो, पण वाटीतील निखारे थांबत नाहीत. हवेअभावी ते नुसते धुमसतात आणि झाकणाखाली धूर भरू लागतो. पाच-दहा मिनिटांनी वीज परतली, आणि नियंत्रक आपण होऊन पूर्ववत सुरू होणारा असला, तर भरलेल्या धुरात एकाएकी वारा घुसतो. ज्यांना अपघात हवाच आहे त्यांनीसुद्धा याहून चांगली तजवीज केली नसती. जनित्रावर चालणाऱ्या मोठ्या उपाहारगृहांत ही खंडवेळ काही सेकंदांचीच असते. परंतु लहान खानावळीत, जेथे जनित्र नाही आणि भटारखाना मागील बोळात पत्र्याखाली आहे, तेथे प्रत्येक वीजखंडानंतर यंत्र बंदच समजावे, हॉपरची मोटर तोडावी, धूर पूर्ण ओसरू द्यावा, वाटी रिकामी करावी आणि मग नव्याने पेटवावे, हा नियम भिंतीवर लिहिलेला असला पाहिजे. ग्राहक खोळंबतील हे खरे. पण त्यास इलाज नाही.

महाराष्ट्रास आणि तमिळनाडूस या प्रश्नाचा वारसा जुना आहे. मागच्या पिढ्यांतील मराठी घरांत भुशाची शेगडी असे: पत्र्याच्या डब्यात मध्ये बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरावयाचा, बाटली हलकेच काढून घ्यावयाची आणि त्या नळकांड्यातून खालून वर हवा खेळवावयाची. पेलेटची सारी कल्पना तेथे बीजरूपाने होती. आणि ती शेगडी कधी पेटली नाही, किंवा फुंकणीने फुंकताना एकदम भपकली, तर भुवया जळालेल्या बायकांच्या कहाण्याही होत्या. तंजावरात १८९२ साली जन्मलेले जे. सी. कुमारप्पा १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहू लागले. पुढे तेथल्या मगन चुलीचे नाव देशभर झाले. हैदराबादेत एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा पुरस्कार केला. १९८३ साली सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला. पुण्यात १९९६ साली स्थापन झालेल्या आरती या संस्थेने, जिच्यामागे डॉ. आनंद कर्वे यांची शास्त्रबुद्धी होती, संपदा नावाची वायू निर्माण करून जाळणारी शेगडी तयार केली. आणि २००६ च्या सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंद यांच्या मंडळीने सिद्ध केलेली, लहानशा पंख्यावर चालणारी आणि पेलेटच जाळणारी ऊर्जा शेगडी बाजारात आली; ब्रिटिश पेट्रोलियमने ती आणली, मागाहून पुण्याची फर्स्ट एनर्जी ही कंपनी तिची वारस झाली, आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू येथील घरांत तिचा खप लाखांच्या घरात गेला. कांड्यांचा कच्चा माल महागला आणि घरगुती गिऱ्हाईक दूर गेले तेव्हा हे इंधन मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळले. आज उपाहारगृहांतून जे दिसते ते त्याच प्रवाहाचे पुढचे वळण आहे.

या साऱ्या परंपरेत बुद्धिमान माणसे होती, निष्ठेची होती, आणि त्यांनी मोजले काय, तर उष्णतेची काटकसर आणि धुराचे प्रमाण. ते योग्यच होते. स्वयंपाकघरातील धुराने बायकांच्या फुप्फुसांची जी हानी केली तिच्यापुढे क्वचित घडणाऱ्या भडक्यांची गणती कोण करणार? म्हणूनच भारतीय मानक संस्थेचे घन जैवइंधनाच्या चुलींविषयीचे १३१५२ क्रमांकाचे मानक, जे १९९१ साली आले आणि २०१३ साली सुधारले गेले, पंख्याच्या चुलीने निदान शेकडा ३५ उष्णता भांड्यास पोहोचविली पाहिजे आणि अमुक इतक्याहून अधिक कार्बन मोनॉक्साइड व धूलिकण सोडता कामा नयेत, असे कसोशीने सांगते. ते मानक हाताने कांड्या भरावयाच्या चुलीसाठी होते आणि तेथे ते पुरेसेही होते, कारण भरणारा व पेटविणारा माणूस एकच असे. ज्या यंत्रात इंधन आपोआप पडते आणि वीज परतली की जे आपोआप जागे होते, त्याची परीक्षा विझलेल्या अवस्थेतून पुन्हा पेटविण्याच्या क्षणी व्हावयास हवी. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि बाकीचा लेख त्याची फोड आहे.

भटारखान्यातील प्रत्यक्ष वहिवाट पाहिली तर या परीक्षेची निकड अधिकच पटते. भट्टी पेटत नाही असे दिसले की आचारी घाई करतो, कारण समोर तांदूळ भिजून बसलेले असतात. आणि घाईचे सर्वांत जुने साधन म्हणजे वरून काहीतरी ओतणे. रॉकेल आता सहजी मिळत नाही, म्हणून डिझेल येते, रंगाचा थिनर येतो, प्रसंगी दुचाकीतले पेट्रोल येते. रॉकेलची वाफ साध्या तापमानास सहसा पेटत नाही, ३५ अंशांच्या वर मात्र ती पेट घेण्याजोगी होऊ शकते, आणि धुमसत्या वाटीचे तापमान कित्येक पटींनी अधिक असते. पेट्रोलची वाफ तर शून्याखाली ४० अंशांवरही पेटू शकते. ओतणाऱ्यास वाटते की आपण ज्वाला आणतो आहोत; वस्तुतः आधीच साठलेल्या इंधनवायूत तो आणखी वाफ मिसळतो. द्रव इंधन धुमसत्या भट्टीत कधीही, कोणत्याही सबबीवर, ओतू नये. त्याचप्रमाणे हाताने मूठभर कांड्या वाटीत टाकून विझती आग सावरण्याचा मोह आवरावा. आणि ग्रिलखाली साठणारी चरबी, जी मांसाहारी स्वयंपाकात झपाट्याने वाढते, ती वेळच्या वेळी खरवडावी, कारण वाटीतला लहानसा भडका तिच्यापर्यंत पोहोचला की तो लहान राहत नाही. चरबीच्या आगीवर पाणी तर मुळीच टाकू नये.

सुरुवातीस झाकण उघडे असावे की मिटलेले, याबद्दल लोकांत वाद होतात आणि दोन्ही बाजूंस आधार सापडतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत ज्वाला नीट धरेपर्यंत झाकण उघडे ठेवणे हेच सुरक्षित, कारण निघालेला वायू साठण्याआधी उडून जातो. काही नव्या नियंत्रकांत मात्र झाकण मिटूनच पेटवावे असे कर्ते सांगतात, आणि त्यांच्या यंत्राचा हवेचा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो. म्हणून ज्या त्या यंत्राच्या पुस्तिकेचा शब्द अंतिम मानावा; शेजाऱ्याच्या यंत्राचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही. दाट पांढरा धूर झाकणाच्या फटींतून येऊ लागला आणि ज्वाला नाही असे दिसले, तर झाकणास हात लावू नये, बाजूला सरावे, मुलांना दूर न्यावे, वीज तोडावी, आणि धूर थांबून यंत्र थंड होईपर्यंत वाट पाहावी. या प्रसंगी काहीही न करणे हेच काम असते, आणि तेच माणसास सर्वांत कठीण जाते.

एवढ्या सावधगिरीचा भार वापरणाऱ्याच्याच डोक्यावर का, असा प्रश्न वाचक विचारतील, आणि तो रास्त आहे. मोठ्या कारखान्यांतील बाष्पक पेटविणारा कामगार आधी काही काळ नुसता वारा फिरवून भट्टीच्या पोटातील सारी हवा बदलून घेतो आणि मगच ज्वाला आणतो. आणि ज्वाळेवर सतत नजर ठेवणारे नेत्रयंत्र ती विझताच इंधनाचा प्रवाह तोडते. ही शिस्त आकाशातून पडली नाही. १८६३ साली कलकत्त्यात बाष्पकाचा भीषण स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा १८६४ साली बंगालच्या कायदेमंडळाने तपासणीचा कायदा केला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, आणि १९२३ साली सर्व देशास लागू होईल असा एकच कायदा झाला. आपल्या राज्यव्यवस्थेचा हा जुना क्रम आहे. याच तमिळनाडूत, कुंभकोणमच्या शाळेत, १६ जुलै २००४ रोजी माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून उठलेली आग झावळ्यांच्या छपरास लागली आणि ९४ मुले गेली. शाळांवरील तशी छपरे काढण्याचा हुकूम त्यानंतर निघाला. त्या दुर्घटनेचे कारण पेलेट नव्हते आणि तिचा उल्लेख मी तशा अर्थाने करीत नाही. स्वयंपाकघराचा विस्तव ही खासगी बाब आहे, अशी सरकारदरबारी जी समजूत आहे, तिची किंमत काय पडते एवढेच त्यातून दिसते. पेलेट भट्टीतील एखाद्या भडक्याने अशी किंमत वसूल केल्यावर नियम व्हावेत, की त्याआधी?

यावर इन्स्पेक्टर नावाच्या प्राण्याची भीती घातली जाईल, आणि ती अगदीच निराधार नाही. तपासणीच्या नावाखाली खानावळवाल्यास छळणारी एक खिडकी आणखी उघडावी, असे मला सुचवावयाचे नाही. बदल कारखान्यात व्हावयास हवा, बोळातल्या भटारखान्यात नव्हे. वीज परतल्यावर यंत्राने आपण होऊन सुरू होऊ नये. सुरू करताना काही वेळ नुसता पंखा चालावा. ज्वाला दिसल्याची खूण मिळेपर्यंत ठरावीक मापाहून अधिक कांड्या वाटीत पडू नयेत. आणि ठरावीक मिनिटांत ती खूण न मिळाल्यास यंत्राने स्वतःस कुलूप लावून घ्यावे, जे कोणीतरी वाटी प्रत्यक्ष पाहिल्यावाचून उघडू नये. यातील बरेचसे चांगल्या परदेशी यंत्रांत आहे. स्वस्त देशी भट्टीत ते नाही, कारण ज्वाला ओळखणारा संवेदक आणि थोडी अधिक शहाणी नियंत्रकपट्टी यांना पैसे पडतात, आणि गिऱ्हाईक विचारते ते एका तासास किती किलो जळते एवढेच. मानक संस्थेने आपोआप भरणाऱ्या पेलेट भट्ट्यांसाठी स्वतंत्र मानक काढून त्यात ही कलमे घातली तर स्पर्धेतील प्रत्येकास तोच खर्च पडेल, आणि मग कोणा एकाची कुरकुर राहणार नाही. महापालिकेने व्यवसाय परवाना देताना, आणि अग्निशमन खात्याने आपला दाखला देताना, भट्टी उघड्या हवेत आहे की पत्र्याच्या बंद खोलीत, कांड्यांची पोती तिच्यापासून किती अंतरावर आहेत आणि त्यांच्याखाली ओलावा येतो की नाही, इतके पाहिले तरी पुष्कळ काम होईल.

एक गोष्ट मात्र मानकाची वाट न पाहता उद्या करता येण्याजोगी आहे, आणि तिला जवळजवळ काहीच खर्च नाही. चेन्नई आणि तिच्या उपनगरांतील भटारखान्यांत आज काम करणारी बरीच मुले बिहार, ओडिशा, बंगाल व ईशान्येकडील राज्यांतून आलेली आहेत. मालकाची भाषा तमिळ असते, यंत्राची पुस्तिका इंग्रजीत असते आणि पहाटे भट्टी पेटविणाऱ्याची भाषा या दोहोंपैकी एकही नसते. पुस्तिका गल्ल्याच्या खणात पडून असते. भट्टी विकणाऱ्याने तिच्या दर्शनी बाजूस, धुराने काळी न होणाऱ्या पत्र्यावर, तमिळ, हिंदी, बांगला आणि ओडिया या भाषांत, चित्रांसह, तीन ओळी कोराव्यात: वाटी रिकामी करून मगच पेटवा; पांढरा धूर आला तर झाकण उघडू नका, वीज तोडून दूर व्हा; वरून काहीही ओतू नका. पुण्या-मुंबईत मराठी आणि तेलंगणात तेलुगू घालावी. ज्या विक्रेत्याची बिलावर आपल्या नावाचा ठसा उमटविण्याची तयारी आहे, त्याला हा पत्रा ठोकून देण्यास अडचण कोणती, हे त्यानेच सांगावे.